हप्ता थांबला की आधी नमुना ८ उघडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याच्या कडेला असलेल्या साडेआठ हजार वस्तीच्या गावच्या सरपंच, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या निधीचा, हप्ता आलेला नाही. रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल आणि कचऱ्याच्या गाडीचा ठेका त्याच पैशावर चालायचा, आता दोन्ही थकलेत. तेव्हा घरपट्टी वाढवू का, आधीच्या पंचायतीने ठेवलेली वीस लाखांची ठेव मोडू का, आणि ‘नाहीतरी आपण महापालिकेत जाणार, तोवर ढकलू’ असं सदस्य म्हणतात ते खरं धरू का, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता हेही विचारलंय की इंग्लंडमध्ये पालिका दिवाळखोरी जाहीर करतात म्हणे, तसं आपल्याकडे होतं का.

मी पुणे जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून लागलो आणि ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. (आता दोन्ही पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दफ्तर मात्र तेवढंच आहे.) त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो, ती कदाचित आवडणार नाही. हप्ता उद्या सकाळी जमा झाला तरी तुमची अडचण सुटणार नाही. तुमच्या गावाने दर महिन्याला न चुकता येणारा खर्च अशा पैशावर टांगलाय, ज्याची तारीख तुमच्या हातात नाही.

हे एका दिवसात झालेलं नाही. २०२१ साली थकबाकीपोटी गावोगावचे दिवे तोडले जायला लागले, तेव्हा शासनाने वित्त आयोगाच्या निधीतून वीजबिलं भरायला मुभा दिली. त्या वेळी ते गरजेचंच होतं. पण मुभेची सवय झाली, सवयीचा हक्क झाला, आणि चार वर्षांत लोक विसरून गेले की घरपट्टीच्या पावतीवर ‘दिवाबत्ती कर’ नावाचा वेगळा रकाना असतो आणि तो याच बिलासाठी असतो.

हप्ता का थांबला, हे आधी लेखी शोधून काढा. पंचायत समितीत गेलात की ‘वरूनच आलं नाही’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते खरंही असू शकतं. पण कारणं वेगवेगळी असतात. निधी मिळायला लोकनियुक्त मंडळ असावं लागतं. राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर २०२२ पासून प्रशासक आले आणि त्यांचा वाटा अडकला तो त्यामुळेच. तुमची निवडणूक झालीय, म्हणजे ती अट तुम्हाला लागत नाही. पण मधल्या काळात तुमच्या गावावर प्रशासक होता का, हे बघा. दुसरं कारण हिशेबाचं: ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर जमाखर्च आणि आराखडा चढवलेला नसेल तर तुमचं गाव बाजूला पडतं. हे दुसरं कारण असेल तर ऑपरेटरला शेजारी बसवून आठवडाभरात संपणारं काम आहे. शिवाय पंधराव्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचाच. सोळाव्याच्या अटी याच असतील असं धरून चालू नका.

आता आकडे. तुम्ही दिलेलेच घेतो, पण पाणी बाजूला काढतो, कारण पाणीपट्टीचं खातं वेगळं ठेवावं लागतं आणि त्याची सरमिसळ केली की कुठे गळतंय ते कळत नाही. घरपट्टी आणि बाकीचे कर मिळून चालू मागणी (म्हणजे यंदाचा आकारलेला कर) ५२ लाख, गेल्या वर्षीची वसुली ३१ लाख. खर्च असा: पगारातला पंचायतीचा वाटा ११ लाख, दिवाबत्ती ७, कचरा ११, कार्यालय आणि किरकोळ ५. एकूण ३४ लाख. तुम्ही लिहिलंय, ‘म्हणजे तीनच लाखांची तूट आहे.’ नाही हो. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला ठेवावे लागतात. ३१ लाखांतले ९ लाख ३० हजार असे गेले की हातात उरतात २१ लाख ७० हजार. तूट सव्वाबारा लाखांची आहे. ती आजवर वित्त आयोगाने झाकली होती, म्हणून दिसली नाही.

यावर सगळे म्हणतात, वसुली वाढवा. जरूर वाढवा, पण हिशेब करून बघा. समजा तुम्ही जिवाचं रान करून वसुली साठवरून ८५ टक्क्यांवर नेली. ४४ लाख २० हजार आले. त्यातले ३० टक्के बाजूला गेले, उरले ३१ लाखांच्या आत. तरी तीन लाख कमीच. ८५ टक्के वसुलीवर ३४ लाखांचा खर्च भागवायचा तर मागणीच ५७ लाखांच्या पुढे हवी. पाच लाखांची मागणी कुठून आणायची? दर वाढवायचा मोह इथेच होतो, आणि माझं मत असं की आज दराला हात लावू नका. आधी नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, उघडा.

एक प्रसंग सांगतो. शहरालगतच्याच एका गावात माझी बदली झाली होती. कर आकारणीच्या नोंदवहीत एका मिळकतीसमोर लिहिलं होतं, ‘पत्र्याचा गोठा’. कर वर्षाला काही शे रुपये, तोही नियमित भरलेला. मी शिपायाला घेऊन, टेप आणि वही घेऊन सकाळी सातला तिथे गेलो. समोर लोखंडी फाटक, आत सहा ट्रक उभे, आणि रखवालदार आमच्यापुढे वही सरकवून म्हणाला, ‘नाव, गाव, कामाचं कारण लिहा, मग आत.’ ग्रामपंचायतीच्या नोंदीत जिथे गोठा होता, तिथे आत जायला मला नोंद करावी लागली. शिपाई हसायला लागला. मी टेप काढली. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप पाच वेळा लावावी लागली. मालकाने काही लपवलं नव्हतं. गोठा पाडून गोदाम बांधलं तेव्हा आमच्याकडून कुणी गेलंच नव्हतं. त्या वर्षी आम्ही दराला हात लावला नाही आणि तरी मागणी चांगली वाढली.

तुमच्या गावात अशा नोंदी असणारच. पुण्याच्या कडेचं गाव म्हटलं की गोदामं, ढाबे, मंगल कार्यालयं, शेतघराच्या नावाखाली भाड्याने जाणारे बंगले आणि प्लॉटिंगमधली दोन-तीन मजली घरं आलीच. मोबाईल टॉवरही मोजा. त्यांना मालमत्ता कर लागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केलंय. गावठाणातल्या घरांसाठी स्वामित्व योजनेचा ड्रोन नकाशा झाला असेल तर तो नमुना ८ शेजारी ठेवा आणि घर क्रमांक लावत जा. (या ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या सोनोरीत झाला होता.) नकाशा गावठाणापुरताच असतो, वाड्यावस्त्या आणि गटातली बांधकामं पायीच फिरून घ्यावी लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाची गावातली सहा मुलं-मुली घ्या, मानधन द्या, दोन महिन्यांत होतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आकारणी भांडवली मूल्यावर आहे. वार्षिक मूल्यदर तक्ता (रेडी रेकनर), घसारा आणि वापराचा भारांक लावायचा असतो, त्यामुळे ‘हा आपला, तो परका’ करायला फारशी जागा उरत नाही. निवासी म्हणून नोंद आणि खाली दुकान, हे तर प्रत्येक आळीत सापडेल.

बेकायदा बांधकामावर कर लावला की ते कायदेशीर होतं, अशी भीती सदस्य घालतील. होत नाही. नोंदीवर तसा शेरा मारा आणि कर घ्या. तो माणूसही तुमचेच दिवे वापरतो.

वसुलीचं मी लांबवत नाही, एकच सांगतो. सुरुवात सदस्यांच्या घरापासून करा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. हे धमकी म्हणून वापरू नका, पण मासिक सभेच्या आधी सगळ्या सदस्यांच्या पावत्या झालेल्या असल्या पाहिजेत, तुमची सासर-माहेरची घरं धरून. मी एकदा हे केलं नाही. थेट बड्या थकबाकीदारांच्या दारी गेलो आणि पहिल्याच दारात ऐकलं, ‘आधी उपसरपंचांकडे जा.’ तोंड घेऊन परत आलो. घरचं झालं की मग बिल, मागणीची रिट (कर भरण्याची लेखी ताकीद), आणि अगदीच वेळ आली तर कलम १२९ खाली जप्ती, असा क्रम ठेवा. राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणं टाकण्याचाही उपयोग होतो. नोटीस न्यायालयाच्या नावाने गेली की निम्मे लोक तारखेआधीच येऊन भरतात.

पगाराचाही या वसुलीशी संबंध आहे. कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनात शासन जो वाटा देतं, तो वसुलीच्या टक्केवारीला बांधलेला आहे. ही अट काढा अशी कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे आणि मला ती रास्त वाटते, कारण लोकांनी कर भरला नाही म्हणून शिपायाचा पगार कापणं हे कुठलं न्यायाचं? पण अट आहे तोवर तुमची वसुली घसरली की दोन्हीकडून मार बसतो.

सवलतींबाबत सावध राहा. थकबाकीवर अर्धी सूट द्या, लोक आपोआप भरतील, असा आग्रह तुमच्याकडे होईलच. पुण्याचंच उदाहरण घ्या. महापालिकेने स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून दिली. लेखापरीक्षणात आक्षेप आला, २०१९ च्या सुमारास ती काढून घेतली गेली, शहरभर ओरड झाली आणि २०२३ मध्ये ती परत द्यावी लागली. एकदा दिलेली सवलत काढता येत नाही. शिवाय दर दोन वर्षांनी माफी मिळते हे कळलं की वेळेवर भरणारी म्हातारी मूर्ख ठरते. वेळेत भरणाऱ्याला ५ टक्के सूट आणि उशीर करणाऱ्याला ५ टक्के दंड, ही जुनी पद्धतच नीट वापरा.

खर्चाकडे येतो. दिव्यांची सात लाखांची रक्कम मला जास्त वाटते. एक संध्याकाळ वायरमनला सोबत घ्या, गेल्या महिन्याची सगळी बिलं हातात ठेवा आणि प्रत्येक मीटरपाशी जाऊन ग्राहक क्रमांक जुळवा. एका गावात आम्हाला असे तीन मीटर सापडले ज्यांच्यावर काहीच चालत नव्हतं. कूपनलिका आटून वर्षं झाली होती, मोटार काढून नेलेली, पण स्थिर आकार दर महिन्याला येत होता आणि पंचायत तो भरत होती. कुणी बघितलंच नव्हतं, कारण पैसे ‘वित्त आयोगाचे’ होते. दिवसा दुपारी जळणारे दिवे तर तुम्हीही पाहिले असतील. प्रत्येक फेजला टायमर बसवायचा खर्च फार नाही. मंजूर भार गरजेपेक्षा जास्त असेल तर कमी करून घ्या, आणि दिवाबत्तीचं किंवा पाणीपुरवठ्याचं मीटर चुकून व्यावसायिक दरात तर नाही ना, तेही बघा.

कचऱ्याच्या ठेक्याबाबत मी ठाम सांगू शकत नाही, ते गावावर अवलंबून आहे. मोठ्या सोसायट्या असतील तर ओला कचरा त्यांनी आवारातच जिरवावा असा आग्रह धरा, गाडीच्या फेऱ्या कमी होतील. सोसायट्या नसून विखुरलेल्या वस्त्या असतील तर फेऱ्या कमी करून फायदा नाही, ओढ्यात कचरा पडेल आणि तो काढायला जास्त लागेल.

पाण्याचं एकच गणित करा. वर्षाची पंपाची वीज, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची पावडर), ऑपरेटरचा पगार आणि दुरुस्ती यांची बेरीज करा, तिला चालू नळजोडण्यांनी भागा. जो आकडा येईल तो आणि तुमची पाणीपट्टी, हे दोन्ही ग्रामसभेत फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. जलजीवनची टाकी झाली असेल तर ती चालवायचा खर्च तुमचाच. योजना बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. तीच गोष्ट उघड्या व्यायामशाळेची, हायमास्टची आणि शुद्ध पाण्याच्या एटीएमची. मी स्वतः एका गावात असं पाण्याचं यंत्र हौसेने घेतलं होतं. उद्घाटनाचे फोटो झकास आले. दीड वर्षात गाळणी बदलायला पैसे नव्हते आणि माझ्या बदलीच्या वेळी त्यात झाडू ठेवलेले होते.

आता महापालिकेत जाण्याचं. २०१७ मध्ये ११ गावं गेली, ३० जून २०२१ ला आणखी २३ गेली. पहिल्या ११ मधली उरुळी देवाची आणि फुरसुंगी कराच्या बोजाची तक्रार करून पुन्हा बाहेर पडली आणि त्यांची २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे जाणं-येणं दोन्ही घडतं आणि तारीख कुणाच्या हातात नसते. ‘जाणारच आहोत’ म्हणून थकबाकी साठवली तर ती माफ होत नाही, वसूल करणारा बदलतो, आणि महापालिका थकलेल्या मिळकतकरावर महिन्याला २ टक्के शास्ती लावते. हे सदस्यांना सांगा. नोंदी नीट असलेलं गाव कुठेही गेलं तरी त्याचा तोटा होत नाही.

महापालिका मोठी म्हणून सुखी, असंही नाही. पुण्याची जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. २०१५ मध्ये ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला त्यातून वगळलं, आणि २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा उरलेलाही संपला. आता राज्य सरकार दरवर्षी ८ टक्के वाढ धरून भरपाई देतं. रोज नाक्यावर जमा होणारा स्वतःचा पैसा होता, त्याचं अनुदान झालं. भरपाईचा कायदा आहे म्हणून ती महापालिकेला नियमाने मिळते. तुमच्यामागे तेवढं बळ नाही.

इंग्लंडची गोष्ट अशी. बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली. त्याचा अर्थ नवा खर्च बंद, फक्त कायद्याने बंधनकारक सेवा चालू. समान वेतनाची मागची देणी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आपल्याकडे अशी नोटीस काढणारा कुणी नाही. इथे आधी दिवे जातात, मग टीसीएल संपतं, मग शिपायाचे तीन पगार राहतात, आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

मी सगळा भार गावावर टाकतोय असं वाटेल, म्हणून एक स्पष्ट करतो. हे सगळं शहराच्या कडेच्या गावाला लागू आहे, कारण तिथे कर लावण्यासारखं काही आहे. वेल्ह्याच्या डोंगरातल्या सत्तर उंबऱ्यांच्या गावाला मी नमुना ८ उघडा असं सांगणार नाही. तिथे अनुदानाशिवाय चालणारच नाही, आणि ते अनुदान म्हणजे खैरात नव्हे. पंचायतींच्या निधीसाठी शिफारस करणं हे वित्त आयोगाचं काम आहे असं राज्यघटनेतच लिहिलंय, कलम २८० मध्ये, आणि राज्यानेही दर पाच वर्षांनी स्वतःचा आयोग नेमायचा असतो. तेव्हा थांबलेल्या हप्त्यासाठी तालुक्यातल्या सगळ्या सरपंचांनी मिळून लेखी मागणी करायलाच हवी. ती करताना लहान गावांना पुढे ठेवा.

हप्ता आला की तो चालू खर्चात घालू नका. खरेदीखतांवरच्या १ टक्का जादा मुद्रांक शुल्कातून जो वाटा येतो त्यालाही हेच लावा. जमिनीचा बाजार तेजीत असला की तो भरपूर येतो, मंदीत आटतो, आणि तोही उशिरा. या दोन्ही पैशांतून गटार, पाइपलाइन, शाळेचं छप्पर अशी एकदाच होणारी कामं करा.

राहिली वीस लाखांची ठेव. थकलेल्या बिलांसाठी मोडू नका, ती संपेल आणि बिलं पुन्हा तिथेच येतील. मिळकतींची मोजणी, टायमर आणि एलईडी, पंपाची दुरुस्ती एवढ्यासाठी चार-पाच लाख काढायचे असतील तर मासिक सभेत ठराव करून जरूर काढा. वीजबिलाच्या थकबाकीसाठी महावितरणच्या उपविभागात जाऊन हप्ते बांधून घ्या, पण जाताना यंदाच्या वसुलीतला एक धनादेश सोबत न्या, रिकाम्या हाताने गेलात तर चहा मिळेल, हप्ते मिळणार नाहीत. आणि ठेव पावती कपाटात प्रत्यक्ष आहे का, कुणाच्या सहीने मोडते आणि तिच्यावर आधीच कर्ज काढलेलं नाही ना, हे उद्याच बँकेत जाऊन लेखी विचारा. मुदत कधी संपते ती तारीख मला इथेच कळवा.